नववा धडा आणि माझ्या पिशवीतली डिस्क

भुताखेतांच्या गोष्टी मी कधीच मनावर घेतल्या नाहीत. रत्नागिरीत एका ऑफिसात काम करते. जुने, मोडकळीला आलेले कॉम्प्युटर नव्या मशीनच्या आत ‘व्हर्च्युअल’ करून चालवायचे, हेच माझं रोजचं काम. काही बिघडलं की कारण सापडतंच, हा माझा अनुभव. म्हणजे होता... त्या शनिवारपर्यंत.

पूर्णगडला माझी शैलामावशी राहते. निवृत्त शिक्षिका, लहानपणापासून पूर्ण अंध. अंध मुलींच्या एका शाळेसाठी ती पाठ्यपुस्तकं ब्रेलमध्ये आणते. त्यासाठी तिच्याकडे एक जुनं सॉफ्टवेअर आहे. ते लिहिलेलं वाचून दाखवतं आणि मराठीचं ब्रेल करतं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. आणि विज्ञानाचं पुस्तक अर्धवट असतानाच मावशीचा कॉम्प्युटर बिघडला.

“सोमवारी छापायला द्यायचंय गो,” मावशी म्हणाली. “नाहीतर पोरी पुस्तकाशिवाय वर्ष सुरू करतील. ते मी होऊ देणार नाही.”

शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. हार्ड डिस्क शाबूत होती. तिची कॉपी माझ्या लॅपटॉपवर घेऊन पाहिली, तर सॉफ्टवेअर उघडेना. ते ज्या डिस्कवर बसवलं, तीच डिस्क त्याला समोर लागते. मग कॉपी पुसली, मूळ डिस्क वायरने लॅपटॉपला बाहेरून जोडली आणि व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या त्या जुन्या कॉम्प्युटरला, थेट तिच्यावरच लिहायला-वाचायला दिलं. म्हणजे लॅपटॉपमध्ये मावशीचं काहीच नाही, सगळं त्या डिस्कवर. चाललं! रात्री आठवा धडा पूर्ण करून मावशी झोपायला गेली आणि मी सगळं बंद केलं.

पण बंद होताना डिस्क कटकट वाजली. तो आवाज मी ओळखते, डिस्क लवकरच जाणार असली की येतो. सकाळी ठरवलं, ऑफिसात नेऊन आधी तिच्यावरचं सगळं सुरक्षित काढून ठेवायचं. मावशी आंघोळीला गेली होती, एसटीची वेळ झालेली. नंदामामीला, म्हणजे मावशीच्या भावजयीला, सांगितलं, “डिस्क नेतेय, दुपारी आणते. मावशीला सांगा.” डिस्क रुमालात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि लॅपटॉप तिथेच टेबलावर सोडून निघाले.

पावस मागे पडलं तेव्हा फोन आला.

“काय गो, न सांगताच गेलीस? पण छान चाललंय हो. नववा धडा निम्मा झाला.”

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. “मावशी... कशावर करतेयस?”

“लॅपटॉपवर. तू दाखवलंस ते बटण दाबलं, झाला सुरू.”

आणि फोनमध्ये मागे तो आवाज ऐकू आला. सॉफ्टवेअरचा सपाट, पुरुषी आवाज. गुरुत्वाकर्षणाबद्दल वाचत होता.

मी पिशवीत हात घातला. डिस्क तिथेच होती. रुमालातून थंडगार लागली.

“मावशी, डिस्क माझ्याकडे आहे. मामी बोलली नाही?”

“नाय. ती मच्छी आणायला गेली... ही आली बघ.”

मामीला फोन द्यायला सांगितलं. लॅपटॉपला काय जोडलंय ते बघा म्हटलं.

“काय नाय गो. नुसती वायर लोंबतेय.” मग हळू आवाजात, “हिला सांगायचं विसरले गो. आता बंद करू काय?”

मी काही बोलायच्या आत मावशीने फोन परत घेतला. “कोण बंद करत नाही. धडा संपल्याशिवाय मी उठणार नाही.”

“मावशी, हे असं चालूच शकत नाही.”

“चालतंय ना? मग चालू दे.”

फोन तिने तसाच टेबलावर ठेवला. रत्नागिरी येईपर्यंत मी तिच्या बोटांची टकटक आणि तो आवाज ऐकत बसले. मांडीवर पिशवी घट्ट धरून. स्टँडवर उतरले तेव्हा ती म्हणाली, “झाला. सेव्ह करून बंद केलाय.”

ऑफिसात डिस्क फक्त वाचता येईल, तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही, अशा तऱ्हेने जोडली. फोल्डर उघडलं. नववा धडा होता. पूर्ण. फाइलवरची वेळ, मी एसटीत होते तेव्हाची.

सहकाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, मेमरीत राहिलं असेल. पण मी रात्री लॅपटॉपच बंद केला होता. आणि मेमरीतलं माझ्या पिशवीत कसं येईल? डिस्कवरचं सगळं काढून ठेवलं, दुपारी पूर्णगडला परत गेले आणि डिस्क न जोडता तेच बटण दाबलं. डिस्क सापडत नाही, म्हणून मशीन सुरूच झालं नाही. पुन्हा पुन्हा केलं. पुढेही कित्येकदा करून पाहिलंय. एकदाही नाही.

डिस्क जोडली तशी मावशी दहाव्या धड्याला बसली.

“तुला भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“मला ती डिस्क कधी दिसलीय काय?” ती म्हणाली. “मला आवाज आला, मी काम केलं. आता बाजूला हो, सोमवार जवळ आलाय.”

पुस्तक वेळेत गेलं. त्यानंतर काही दिवसांत डिस्क कायमची बंद पडली.

कुणाला यातलं कळत असेल तर जरूर सांगा. मला जे जे सुचलं ते सगळं तपासून झालंय, आणि त्यातलं काहीच लागू पडत नाही.