तिसऱ्या गोलकीपरसोबत एक मोसम

पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या दारापाशी आमच्या शाळेचे खेळाचे गावंडे सर डबा घेऊन उभे होते. डब्यात सांबारवड्या होत्या. पुण्यात पुढे हा पदार्थ मला प्रत्येकाला समजावून सांगावा लागला (कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी, तुमची वाफवलेली ती वेगळी). डबा माझ्यासाठी नव्हता, नितीन ढोकेसाठी होता.

दारव्ह्याच्या वाचकांना नितीन माहीत आहेच. आमच्या शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होता. सरांनी त्याला गोलपोस्टमध्ये उभं केलं आणि आता तिशीत, देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगमध्ये खेळणाऱ्या पुण्याच्या संघानं त्याला घेतलं. चौकात लगेच फलक लागला, 'राष्ट्रीय लीगमध्ये दारव्ह्याचा वाघ!' फोटोत नितीन झेपावला होता. चेंडू दुसऱ्या कुठल्या तरी फोटोतून कापून त्याच्या हातात चिकटवलेला होता.

मी चालले होते एका कॉलेजात सहा महिने तासिकेवर भूगोल शिकवायला. माझ्या आधी आमच्या घरात कॉलेजचा फॉर्म कोणी भरला नव्हता. माझा सरांनी भरला, त्यांच्याच पेनानं. त्यामुळे त्यांनी काम सांगितलं की मी वही काढते.

"टीव्हीवर तं तो दिसत नाही," सर म्हणाले. "तू जाऊन पाय. कितव्या मिनिटाला उतरला तेवढं लिहून आण. उन्हाळ्याआधी मी रिटायर होतो. खेळखोलीच्या फळ्यावर त्याची एक जागा रिकामी आहे."

तो फळा आमच्यापैकी प्रत्येकानं पाहिला आहे. शाळेचा खेळाडू, तो खेळलेली सर्वांत मोठी स्पर्धा आणि त्यात मैदानात उतरल्याचं मिनिट. नितीनच्या ओळीत स्पर्धा लिहून झाली होती. मिनिट तेवढं राहिलं होतं.

खडकीला मावशीकडे उतरले. काका दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे स्फोटक काही बोलत नाहीत, हळूच बोलतात. मी म्हटलं, "काका, शनिवारी सामना पाहायला बालेवाडीला जाते."

त्यांनी पेपर खाली केला. "जा की. व्हिसा काढलास का?"

व्हिसा लागला नाही, पण दोन बस लागल्या. दुसऱ्या बसमध्ये मी कंडक्टरना विनंती केली, "स्टेडियम आलं की सांगाल का?"

"बोर्ड आहे तिथं. वाचता येतं ना?"

"येतं. कॉलेजात शिकवते."

"मग आल्यावर आम्हालाही सांगा."

आपल्याकडे असं कोणी बोललं तर भांडण होतं. इथे हे पत्ता सांगणं समजतात, आणि खरं सांगायचं तर मी बरोबर स्टॉपवर उतरले.

स्टेडियमची पहिली झलक पाहून ऊर भरून आला. सगळा स्टॅन्ड भरलेला, ढोल, झेंडे, घोषणा. फक्त घोषणा मल्याळममध्ये होत्या. पाहुणा संघ केरळचा, आणि पुण्यात नोकरी करणारा झाडून सगळा केरळ त्या दिवशी सुट्टीवर आलेला. माझ्या शेजारी थर्मास घेऊन एक गृहस्थ बसले होते, जोगकाका, बँकेतून निवृत्त. पूर्ण मोसमाचं तिकीट काढणारे आपल्या स्टॅन्डमधले ते बहुधा एकटेच.

मी विचारलं, "काका, हा सामना पुण्यातच आहे ना?"

"पुण्यात आहे," ते झाकणात चहा ओतत म्हणाले. "पुण्याचा आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी वही उघडून नितीनला शोधू लागले. गोलमध्ये दुसराच. बाकावरच्या राखीव खेळाडूंतला गोलकीपरही दुसराच. जोगकाकांनी माझी शोधाशोध थोडा वेळ सहन केली. मग म्हणाले, "अहो, एक गोलकीपर खेळतो. दुसरा बाकावर बसतो. तिसऱ्याला आपल्यात बसवतात. मागे वळा."

मागे वळले. दोन रांगा वर, संघाच्या ट्रॅकसूटमध्ये नितीन बसला होता. दारव्ह्याचा वाघ माझ्याच दराच्या खुर्चीत.

मध्यांतरात डबा दिला. तीन वड्या खाऊन झाल्यावर त्याने विचारलं, "सरांनी मिनिट विचारलं असंन ना?"

"हो."

"फळ्याची जागा लहान आहे नं," तो म्हणाला. "बरं झालं. शून्याले पुरते." आणि चौथी वडी घेतली.

संध्याकाळी सरांचा फोन. "उतरला का?" "नाही सर. संघासोबत आहे." "बरं. पुढच्या सामन्यात." हे संभाषण त्या मोसमात इतक्यांदा झालं की पुढे पुढे मी फोन उचलून आधी 'नाही' म्हणायची आणि मग 'नमस्कार'.

एका सकाळी नितीननं सराव पाहायला बोलावलं. मला वाटलं, तिसरा गोलकीपर जाळीतले चेंडू गोळा करत असेल. नितीन मोबाइलवर गोव्याच्या गोलकीपरची दृश्यं पुन्हा पुन्हा पाहत होता. मग उठून गोलमध्ये गेला आणि उभं राहण्याची ढबच बदलली. खांदे पाडले, गुडघे आत घेतले. आपले खेळाडू पेनल्टी मारू लागले आणि नितीन गोव्यासारखा चुकू लागला.

"माझं काम हेच आहे," तो घाम पुसत म्हणाला. "दर आठवड्याले समोरच्याचा गोलकीपर व्हायचं. तो कुठी उडी मारते, कधी घाबरते. आपल्या पोरांनी त्याला आधीच पाहिलेला पाहिजे."

प्रशिक्षक परदेशी. त्यांना 'नितीन' म्हणणं जड जायचं, म्हणून ते त्याला त्या आठवड्याच्या पाहुण्यांच्या नावानं हाक मारत. "गोवा!" म्हटलं की नितीन धावत जाई. पुढच्या आठवड्यात तो कोलकाता होता, त्याच्या पुढे गुवाहाटी. माझ्या वर्गातल्या मुलांना एवढा भूगोल येत नाही.

मोसमाच्या मध्याला पहिल्या गोलकीपरचा घोटा मुरगळला. दुसरा गोलमध्ये गेला आणि नितीन बाकावर आला. दारव्ह्यात शाळेच्या हॉलमध्ये टीव्ही लावला गेला. मी कॉलेजातून थेट निघाले आणि विद्यापीठ चौकात अडकले. तिथे बस इतका वेळ उभी राहिली की शेजारच्या बाईंनी पिशवीतली गवार काढून मोडायला घेतली. शेवटची अर्धी गवार मी मोडली. पोचले तेव्हा मध्यांतर झालं होतं आणि नितीन दुसऱ्याला चेंडू पकडायचा सराव देत होता. मग तो परत बाकावर जाऊन बसला, शेवटपर्यंत.

सरांचा फोन आला. आवाजात आनंद होता. "दिसला! प्रशिक्षकाच्या मागं कोपर दिसलं."

"सर, कोपर कोणाचं ते..."

"त्याचंच. टाळ्या वाजवल्या आम्ही."

दोन आठवड्यांनी घोटा बरा झाला आणि कोपर परत स्टॅन्डमध्ये आलं.

शेवटचा सामना चेन्नईशी. आपला संघ आठवा. जिंकला तर सातवा, म्हणजे इतिहास वगैरे काही घडणार नव्हता. स्टॅन्डमध्ये जागाच जागा होती, म्हणून नितीन खाली येऊन जोगकाका आणि माझ्या मधल्या खुर्चीत बसला. त्याचा करार त्या महिन्यात संपत होता. पुढचं कोणी काही बोललं नव्हतं. वहीतली मिनिटाची जागा कोरीच होती आणि सरांच्या निवृत्तीला पंधरा दिवस होते.

सामना बरोबरीत रेंगाळला. जोगकाका थर्मासचं झाकण भरून घेत म्हणाले, "दोन्ही संघांना घरी जायची घाई दिसतेय." आणि आपल्याला पेनल्टी मिळाली.

नितीन पुढे सरकला. "यांचा गोलकीपर घाई करते," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "मारणारा पळाला की आधीच आपल्या उजवीकडे झुकते. आठवडाभर मी तेच केलं. पोराले म्हटलं, शेवटच्या पावलाला थांब."

आपला खेळाडू पळाला. शेवटच्या पावलाला थांबला. चेन्नईचा गोलकीपर उजवीकडे गेला, आणि त्याच क्षणी माझ्या शेजारचा नितीनही खुर्चीतल्या खुर्चीत उजवीकडे गेला, खांदे, हात, सगळं. चेंडू डाव्या कोपऱ्यात शांतपणे आत शिरला. जोगकाकांचा चहा जोगकाकांच्या शर्टवर.

"अहो," जोगकाका रुमाल काढत म्हणाले, "आपण प्रेक्षक आहात."

"माफ करा काका."

गोल मारणारा धावत गेला तो कॅमेऱ्याकडे. आमच्याकडे कोणीही पाहिलं नाही. जोगकाकांनी शर्ट पुसला, मैदानाकडे पाहिलं, मग नितीनच्या अजून पसरलेल्या हातांकडे. मग उरलेला चहा त्यांनी झाकणात ओतला आणि नितीनपुढे धरला. पूर्ण मोसमात त्यांनी दुसऱ्याला चहा दिलेला मी पाहिला नव्हता. मी मैदानाच्या गुणफलकावरचं घड्याळ पाहून वहीत एक आकडा लिहिला आणि लगेच कंसात टाकला.

परतीच्या प्रवासात मी तो कंस काढावा की ठेवावा हे ठरवत होते. सरांनी माझा फॉर्म भरला तेव्हा वडिलांच्या उत्पन्नाचा आकडासुद्धा त्यांनी कमीजास्त केला नव्हता. दारव्ह्याला उतरून तशीच खेळखोलीत गेले. सर फळ्यावरच्या पुसट झालेल्या ओळी गिरवून घेत होते, नितीनची ओळ सोडून.

"सर, तो उतरला नाही. एकही मिनिट नाही." आणि मग सगळं सांगितलं: गोवा, कोलकाता, गुवाहाटी, चेन्नई, चहा.

सरांनी मोबाइलवर ती पेनल्टी लावायला सांगितली. आपल्या खेळाडूकडे त्यांनी पाहिलंच नाही. चेन्नईच्या गोलकीपरला तीनदा उजवीकडे पडताना पाहिलं.

"असा पडायला शिकला पोरगा?" ते म्हणाले. "म्या किती मारलं होतं त्याला, असा पडू नको म्हणून."

मग खडू घेतला आणि विचारलं, "मिनिट?"

"सर, तो मैदानात नव्हता."

"तू कोणत्या मिनिटाला पाहिलं त्याला, ते सांग."

"अठ्ठ्याऐंशीव्या."

सरांनी ८८ लिहिलं. माझी वही पाहिली आणि त्याभोवती कंस काढला.

नितीनचा करार एक वर्षानं वाढला आहे, तिसरा म्हणूनच. चौकातला फलक मात्र कोणी काढलेला नाही. त्यात चेंडू अजून त्याच्याच हातात आहे.