शून्य आलंच नाही तर?

मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसा आमच्या मॅडम चुकीच्या प्रोग्रॅमचा कागद चिमटीत धरत. आधी नाकाचा शेंडा वर जाई, मग शब्द येई, "शी." भोसरीच्या कारखान्यात आम्हा कॉम्प्युटरवाल्यांनी त्यांना शीताई करून टाकलं होतं. त्या नावाचीही त्यांना शिसारी होती.

ऐंशी साल उलटलं होतं, सी भाषा आमच्याकडे नुकतीच आली होती. तिच्यात अक्षरं संपली हे कळतं ते शेवटी ठेवलेल्या शून्यावरून. गेटपास छापायच्या प्रोग्रॅममध्ये आमचा साने शून्य दिसेपर्यंत नावाची अक्षरं मोजत सुटायचा.

"आणि शून्य आलंच नाही तर?"

"येतंच, मॅडम."

"नावाला तीस अक्षरांचा खाना. तो काठोकाठ भरला तर शून्य बसणार कुठे, तुझ्या डोक्यावर? शून्य दिसलं की थांब, नाहीतर तीस झाली की थांब. शेजाऱ्याच्या ताटात हात घालू नये. किळस येते."

त्या रजेवर गेल्या आणि सान्याने तिसाची अट काढून टाकली. "मशिनला उगाच ताप, राव."

त्याच आठवड्यात काळेवाडीचे ज्ञानेश्वर सोपानराव चांदगुडे बदली कामगाराचे, म्हणजे कोणी गैरहजर असेल तरच काम मिळणाऱ्याचे, कायम झाले. इंग्रजीत त्यांच्या नावाने खाना पुरता भरला. मोजणी न थांबता पुढच्या खान्यात घुसली, तिथे जुना हुद्दा पुसायचा राहिला होता. नव्या गेटपासवर नावाला चिकटून छापलं गेलं, 'बदली'.

चांदगुडे पेढ्यांचा पुडा घेऊन गेटवर. वॉचमन म्हणाला, "कार्डावर बदली हाय, भाऊ. आज बदलीला काम न्हाई."

"अरे, पर्मनंट झालोय. हे पेढे बघ."

"पेढे बघून आत सोडू व्हय?"

शीताई नेमक्या त्याच सकाळी रजेवरून परतत होत्या. कार्ड त्यांच्या चिमटीत गेलं. "माणूस कायम आहे," त्या वॉचमनला म्हणाल्या, "घाण आमची आहे." चांदगुड्यांना त्यांनी स्वतः मशिनशॉपपर्यंत पोचवलं. मग कार्ड सान्याच्या नाकाशी धरून म्हणाल्या, "वास घे." साने बिचारा खरंच वास घ्यायला लागला. तिसाची अट जेवणाच्या सुट्टीआधी परत आली.

पुढे शीताई नोकरी सोडून निघाल्या. निरोपाला त्यांनी चांदगुड्यांनाही बोलावलं होतं. जनरल मॅनेजर गौरवाचे शब्द बोलायला उभे राहिले, तिथून कारखान्याच्या इतिहासात शिरले, तिथून स्वतःच्या बालपणात. नाकाचा शेंडा वर गेला. शीताई माझ्याकडे झुकून पुटपुटल्या, "यांना तिसाची अट घातली नाही का रे कोणी?"

शेवटी चांदगुडे उठले आणि त्यांनी साहेबांच्या तोंडापुढे पेढा धरला. भाषण थांबलं. दुसरा पेढा शीताईंकडे आला. तो मात्र त्यांनी चिमटीत धरला नाही, अख्खा तळहात पुढे केला.