जुन्या मशीनला न कळलेली डिस्क

बालाघाटच्या घरी आमचा विंडोज अठ्ठ्याण्णववाला कॉम्प्युटर होता. भावाने नागपूरहून मोठी यूएसबी डिस्क पाठवली. तिच्यात आमच्या वारलेल्या आईचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. डिस्क लावली की कॉम्प्युटर विचारायचा, फॉरमॅट करू का?

कटंगीहून रोज बसने इथल्या दुकानात येणाऱ्या एका मेकॅनिकला बोलावलं. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याने चपला दाराशी जुळवून ठेवल्या, कीबोर्डवरची धूळ फुंकली. मी ‘हो’ दाबणार, तेवढ्यात त्याने माऊसवर तळहात ठेवला.

“थांबा जी! सारं पुसून जाईन. डिस्क भरलेली हाय. या जुन्या मशीनले वाचता येत नाही, म्हणून थे कोरी समजते.”

दुकानातल्या नव्या मशीनवर त्याने आईचा आवाज सीडीत उतरवला आणि संध्याकाळी आणून दिला. निघताना बाबांच्या खाटेशी वाकला. लकव्यानंतर बाबा बोलत नव्हते. त्यांना काही कळत नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

“येतो, काकाजी.”

बाबांचा डावा हात हळूहळू वर आला.

दोन वर्षं मी रोज त्या खाटेजवळून काही न बोलता ऑफिसला निघत होतो.