सासूला कामाला लावली

"लकवा झालेल्या सासूला सुनेनं कामाला लावली." पनवेलच्या आमच्या आळीत हे वाक्य माझ्या नावावर जमा आहे. बोलणाऱ्या बहुतेक जणी आता गेल्या, तरी मला ते अजून झोंबतं. म्हणून काय झालं ते लिहून टाकते. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा जसं घडलं तसंच सांगेन.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी, भातकापणीच्या जरा आधी, सासू चुलीपुढे कलंडली. डाव्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं, हात लुळा, पाय भरल्या पोत्यासारखा जड. टांग्यात घालून दवाखान्यात नेली. घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्यादेखत नवऱ्याला बजावलं, "यांना झोपवून ठेवू नका. रोज उभ्या करा. डाव्या पायावर भार टाकायची सवय लागली पाहिजे. तोल जाईल, म्हणून बाजूला माणूस हवाच. पण उभ्या करा."

नवऱ्याने मान डोलावली आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं. मधल्या खोलीत खाट टाकली, खिडकी लावली, पुन्हा वारं लागू नये म्हणून अंगावर घोंगडी घातली. मोठी नणंद कोन गावाहून आली. तिने कबुतर कापून त्याचं रक्त आईच्या अंगाला चोळलं. बघायला येणारे म्हणत, सेवा बाकी छान चाललीय. सेवा! खाली भांडं मी धरत होते, ते धूतही मीच होते. बाकीचे उशाशी बसून उसासे टाकत होते.

आम्हा सासू-सुनेचं तसं कधी जमलं नव्हतं. ती फटकळ, मीही काही कमी नाही. एके दिवशी भांडं सरकवताना तिने चांगल्या हाताने माझं मनगट धरलं.

"मी काय गोठ्यातली म्हस हाय? जाग्यावरच सगलं?"

"मग काय करू, आय?"

"मना परसात जायचंय. माझ्या पायानी."

संडास आमचा परसात, विहिरीच्या पलीकडे. तिचं दुसरं काही मागणं नव्हतं. मला दया आली असं म्हणणार नाही. मला ते पटलं.

नवरा भाताच्या गिरणीत गेला की मी खिडकी उघडायची. आधी तिला खाटेच्या कडेला पाय टेकवून बसवलं. मग खिडकीचे गज धरून उभी केली. मी डावीकडे, तिच्या लुगड्याचा कमरेचा घोळ मुठीत घट्ट धरून. ती सगळा भार उजव्या पायावर घ्यायची.

"लबाडी नको, आय. डावा दाबा."

"लबाड तुझा बाप."

पण दाबायची. घामाने निथळायची, पण दाबायची.

पाऊल टाकायला सांगितलं की मात्र खाली बघायची आणि घाबरायची. तोवर नवं भात आलं. उकडलेलं भात आम्ही अंगणात पसरून वाळवतो, आणि ते हलवायचं पायांनी. पाऊल उचलायचं नाही, ढकलायचं. एक पाय, मग दुसरा. मागे भातात रेघा उठत जातात आणि खालचे दाणे वर येतात. सासूने जन्मभर हेच केलं होतं. मी तिला कडेला उभी केली, जिथे धरायला मांडवाचा आडवा बांबू होता. दाण्यावरून पाय सटकतो, म्हणून मी घोळ सोडला नाही. तिने उजवा पाय ढकलला. मग तोल डावीकडून उजवीकडे घेतला आणि डावा ढकलला. न सांगता. मागे वळून बघत म्हणाली, "ही डावी रेघ बघ, दारू पिऊन आलीय."

पुढे रोज भात हलवायला ती माझ्याआधी तयार. डावी रेघ हळूहळू शुद्धीवर येत होती. आणि एका दुपारी, मधे आपल्या घरी गेलेली नणंद न सांगता आली.

"अगो बाय! आयला कामाला लावली! घरात मानसं मेली काय?"

कुंपणापाशी बायका गोळा झाल्या. कोणीतरी गिरणीत धावलं. नवरा आला तो थेट आईला दोन्ही हातांवर उचलून आत घेऊन गेला. ती ओरडत होती, "मना खाली ठेव, मुडद्या!" तोंड वाकडं असलं तरी शब्द स्पष्ट होते. कोणी ऐकले नाहीत. खिडकी लागली. मला म्हणाला, "चार लोकांत माझी अब्रू घालवलीस." आईची अब्रू रोज भांड्यात जात होती, ती याला दिसली नव्हती.

नणंद सेवेला बसली. थोड्या वेळाने भांडं घेऊन आली, तर सासूने चांगल्या पायाने ते उडवलं. पुन्हा आणलं, पुन्हा उडवलं. चहा नको, पाणी नको. ओठ दाबून पडून राहिली. दिवेलागणीला नवरा दारात येऊन म्हणाला, "आय, हट्ट करू नको."

"बरं. तू धर भांडं," ती म्हणाली. "तुझ्या अब्रूचा सवाल हाय ना? ये. बहिनीला बाहेर काढ नि धर."

तो दारातून बाजूला झाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ने तिला."

मी घोळ धरला. ती भातात ढकलायची तसेच पाय ढकलत निघाली. उंबऱ्याशी चौकट धरून डावा पाय उचलावा लागला, तो तिने उचलला. विहिरीला वळसा घातला. संडासाशी आल्यावर आत धरायला खुंटी आहे ना, हे तिने चाचपून पाहिलं आणि मला बाहेर ढकललं.

"सोड आता. नि कान देऊन उभी राहू नको."

पुढे नणंद गावभर सांगत फिरली की कबुतराचा गुण आला. सासूच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "मंग उद्या कबुतराला सांग मना परसात न्यायला." बोलणं माझ्या वाट्याला आलं ते आलंच. पण घरातलं ते भांडं तिने माझ्याकडून परसातल्या उकिरड्यावर टाकून घेतलं, आणि मरेपर्यंत परत आत येऊ दिलं नाही.