स्कूटरचा उतार आणि आमच्या ताई

आमच्या ताईंना एकदाही उचललेलं नाही असा धडधाकट माणूस अख्ख्या बूढापाऱ्यात, म्हणजे रायपूरच्या आमच्या मोहल्ल्यात, शोधून सापडायचा नाही. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. लहानपणीच्या पोलिओने दोन्ही पाय नेले. अर्धी नोकरी कुबड्यांवर झाली आणि उरलेली चाकांच्या खुर्चीवर. सासरे रेल्वेच्या नोकरीपायी नागपूरकडून रायपूरला आले आणि गल्लीतलं हे घर घेतलं, तेव्हा दाराला तीन पायऱ्या आहेत आणि पुढे नाली आहे याचा विचार करायचं कोणाला कारण नव्हतं. पुढे कारण निर्माण झालं, पण तोवर उचलायची पद्धत पडून गेली होती. सकाळी ताई दाराशी येऊन नुसत्या खाकरल्या, की समोरचा हलवाई कढईखालची आच कमी करून यायचा, पानठेलेवाला हात पुसत यायचा आणि जाता-येता दोन माणसं सायकली भिंतीला टेकवून थांबायची. चौघं खुर्ची उचलून रस्त्यावर ठेवायची आणि ताई नोकरीवर निघायच्या. संध्याकाळी हेच सगळं उलट व्हायचं.

सरकारी कचेरीत ताई बदल्या-नेमणुकांच्या विभागात होत्या. रायपूर राजधानी झाल्यावर तर त्या विभागाला भलताच भाव आला. त्याचा परिणाम म्हणा, की मुळातलाच स्वभाव म्हणा, पण उचलणाऱ्यांच्याही त्या रीतसर नेमणुका करायच्या. उंच माणूस मागे, बुटका पुढे, आणि ज्याचा खांदा दुखतो त्याने पिशवी धरायची. खुर्ची जमिनीवरून सुटली की त्यांच्या गप्पांना बहर यायचा. कोणाच्या आईचं मोतीबिंदूचं काम झालं का, कोणाच्या पोरीने बी.एड. अर्धवट काहून सोडलं, हे सगळं त्या हवेतच विचारायच्या, आणि उत्तर पूर्ण झाल्याशिवाय खाली ठेवू द्यायच्या नाहीत. गल्लीच्या टोकाला दोन सख्खे भाऊ मधल्या भिंतीवरून बोलेनासे झाले होते. ताईंनी महिनाभर त्या दोघांनाच मागची बाजू दिली. मागच्या दोघांना एकमेकांना ‘हाँ, उठाओ’ म्हणावंच लागतं. भिंत अजून आहे, पण भाऊ बोलतात. आभार मात्र ताई कोणाचे मानायच्या नाहीत. त्याऐवजी शेरा द्यायच्या. पंडरी बाजारातल्या कापडवाल्याबद्दल म्हणायच्या, ‘‘हात मऊ आहे, पण मन लावून उचलत नाही.’’ तो बिचारा दुकानातले गठ्ठे रस्त्यावर आणून उलगडायचा, ताई भर बाजारात खुर्चीवर बसून साड्या निवडायच्या आणि स्कूटरवाले मुकाट्याने वळसा घालून जायचे.

अशा आमच्या ताईंना, त्या निवृत्त झाल्यावर, माझी मुलगी सिंगापूरला घेऊन गेली. ती तिथे नोकरी करते. ‘‘बुआ, एक बार आके तो देखो,’’ असा तिचा धोशा होता. मराठी तिला सगळी कळते, पण तोंडातून हिंदीच येते. सोबत मी गेले. पहिल्याच दिवशी बसथांब्यावर बस आली, ताईंनी सवयीने पदर खोचला, दांड्या घट्ट धरल्या आणि उचलायला कोण कोण येतं ते पाहू लागल्या. कोणीच आलं नाही. बस एका बाजूने थोडी खाली झुकली, चालक उतरला, दारातली फळी उलटून फुटपाथवर टाकली आणि ताई आपल्या चाकांवर आत गेल्या. त्याने फळी मिटली आणि बस सुरू केली. झालं. ताई रागाने लाल झाल्या होत्या. ‘‘पाहिलं का वहिनी? पायाले काय झालं, एवढंही विचारलं नाही मेल्यानं! माणूस आहे का दगड?’’ दुसऱ्या दिवशी वेगळा चालक होता, तर त्यांनी त्यालाच हिंदीत घरची ख्यालीखुशाली विचारली. तो हसला आणि फळी मिटून निघाला. आठवडाभर ताई त्या शहरावर फुगून होत्या. माणुसकी नाही, जिव्हाळा नाही, नुसती बटणं आहेत, असं त्यांचं मत पडलं.

मग एके दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर आले तर ताई घरात नाहीत. खुर्चीही नाही. माझी पाचावर धारण बसली. मी लिफ्टने खाली गेले, वर आले, मुलीला फोन केला, ती ऑफिस टाकून धावत आली. ताईंचा फोन पलंगावरच पडलेला. दिवेलागणीच्या सुमाराला ताई आल्या. केस वाऱ्याने विस्कटलेले, पदरावर कसलासा गुलाबी डाग.

‘‘कुठे गेला होता तुम्ही?’’ मी जवळजवळ ओरडलेच.

‘‘समुद्र पाहून आली,’’ ताई म्हणाल्या. ‘‘रेल्वेनं गेली. तिथं पावामंदी आइस्क्रीम घालून देतात, ते खाल्लं.’’

‘‘एकट्या? अन् सांगून तरी जायचं!’’

‘‘सांगून तं जन्मभर जाऊन राहिली ना मी,’’ त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. त्या रात्री जेवताना त्यांनी फारसं काही सांगितलं नाही. आपल्यापुरतं काहीतरी मिळालेल्या माणसाचा चेहरा होता तो. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण तसा चेहरा मी पाहिला नव्हता. त्यानंतर त्या रोजच जायला लागल्या, आणि शहराबद्दलची तक्रार पुन्हा कधी ऐकू आली नाही.

परत आलो त्या दिवशी गल्लीने त्यांना खांद्यावरच घ्यायचं बाकी ठेवलं होतं. हलवायाने जिलबी आणली होती. चौघांनी खुर्ची उचलली, आणि ताई एक अक्षर बोलल्या नाहीत. कोणाच्या आईची चौकशी नाही, नेमणूक नाही, शेरा नाही. सुरुवातीला आम्ही ते थकव्यावर ढकललं. त्यांची चाकं नव्या सवयीची झाली होती. फुटपाथ संपला की पुढे उतार असणारच, अशा भरवशाने त्या एकदा सरळ निघाल्या आणि नालीच्या काठाशी मी पाठीमागून खुर्ची धरली म्हणून बरं. बसथांब्यावर सिटी बस आली तर त्या ती झुकायची वाट पाहत बसल्या. कंडक्टर दोनदा ‘दीदी, आना है क्या?’ म्हणाला आणि बस निघून गेली. यावर आम्ही घरी हसलो, त्याही हसल्या. पण पुढच्या सोमवारी हलवाई आच कमी करून आला, तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या, ‘‘आज रहने दो भैया.’’ मंगळवारीही तेच. मग त्या दाराशी येईनाशाच झाल्या. पेन्शनच्या कामाला नाही, बाजाराला नाही, कोणाकडे हळदीकुंकवाला नाही. दिवसभर खिडकीशी बसायच्या.

माझ्या नवऱ्याने आधी हवापालट सोसली नाही असं निदान केलं आणि इसबगोल दिलं. आठवडे गेले तेव्हा मी न राहवून त्यांच्यापाशी जाऊन बसले. ‘‘ताई, काहून असं करून राहिल्या? अख्खा पारा विचारतो.’’

‘‘तेच तं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अख्खा पारा विचारतो. मी दवाखान्यात गेली तं चौघाइले माहीत, साडी घेतली तं चौघाइले माहीत. चांगले आहेत सगळे, वाईट मी म्हणतच नाही. पण वहिनी, एवढ्या वर्षांत मी कुठं गेली ते कोणालेच ठाऊक नाही, असा एक दिवस मले मिळाला नव्हता. तिथं मिळाला. आता हात लागला का जीव आक्रसते.’’ त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही. जन्माची हसती बोलती बाई, आता ती खिडकीशीच म्हातारी होणार, या भीतीने मला झोप येईना.

नवऱ्याने यावर तोडगा काढला तो थेट नव्या राजधानीचा. ‘‘नया रायपूरले नेतो. तिथं रस्ते पाहा कसे, फुटपाथ पाहा कसे! सिंगापूर झक मारते.’’ रविवारी गाडीतून गेलो. रस्ते खरंच रुंद, फुटपाथला खरंच उतार. ताईंनी आम्हाला गाडीपाशी थांबायला सांगितलं आणि एकट्या निघाल्या. लांबवर जाऊन लहानशा दिसायला लागल्या. मग वळल्या. आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘झकास आहे. एक कुत्रं भेटलं.’’ थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘एकटीनं जायचं, पण माणसांत जायचं ना रे. रिकाम्या ताटावर कोणी जेवते का?’’ नवरा बिचारा परतताना सगळी वाट मान खाली घालून गाडी चालवत होता.

त्याच आठवड्यात तो बाजारातून आला आणि नेहमीप्रमाणे स्कूटर घरात चढवू लागला. आमच्या पायऱ्यांना लागूनच सिमेंटचा एक आखूड, उभा उतार आहे. गल्लीत प्रत्येक घराला असतो. गाडी बाहेर ठेवली तर आरसे जातात. ताई खिडकीतून पाहत होत्या.

‘‘काय रे,’’ त्यांनी विचारलं, ‘‘हा उतार कधी केला होता?’’

‘‘पहिली स्कूटर घेतली तेव्हा. काहून?’’

‘‘म्हणजे गाडी आपल्या चाकांवर घरात येते, अन् मले चौघं उचलतात.’’

नवरा स्कूटरचं हँडल धरून तसाच उभा राहिला. मी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. इतकी वर्षं आम्ही त्या उताराच्या बाजूला उभे राहून ताईंची खुर्ची पायऱ्यांवरून वर घेत होतो, आणि आमच्यापैकी एकाच्याही, खुद्द ताईंच्याही, डोक्यात आलं नव्हतं. आणि मग ताई जे हसत सुटल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सिंगापूरहून आल्यापासून पहिल्यांदा तसं हसणं घरात ऐकू आलं.

मिस्त्री आला. म्हणाला, हा उतार फार उभा आहे, खुर्चीसाठी भिंतीलगत लांब न्यावा लागेल, आणि नेला तर आमच्या भिंतीशी हलवायाचं बाक असतं तिथवर येईल. त्या बाकावर बसून अर्धा बूढापारा समोसे खातो. शिवाय तो हलवाई म्हणजे ताईंचा मागच्या उजव्या बाजूचा कायमचा माणूस. तो येऊन दाराशी उभा राहिला, पण बाकाचं त्याने नावही काढलं नाही. ‘‘दीदी, हमारे हाथ में कुछ कमी हो गई क्या?’’ एवढंच म्हणाला.

ताई म्हणाल्या, ‘‘कमी तुम्हारे हाथ में नहीं है भैया. मेरे भी तो दो हाथ हैं, उनको कभी काम पे लगाया ही नहीं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाक दुकानाच्या पलीकडच्या अंगाला गेलेलं होतं.

सिमेंट वाळलं त्या दिवशी गल्ली गोळा झाली. ताई उतारावरून एकट्या खाली आल्या, रस्त्याला लागल्या आणि दहा हातांवर एका उखडलेल्या फरशीत त्यांचं पुढचं चाक अडकलं. सगळी गल्ली एक पाऊल पुढे झाली. ‘‘जो जहाँ है, वहीं रहो!’’ ताई गरजल्या. मग त्या मागे-पुढे करत राहिल्या. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. न उचलणं इतकं अवघड असतं हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. हलवायाने तर तोंड फिरवून कढईत झारा फिरवायला घेतला, कढईत काहीच नसताना. चाक सुटलं आणि ताई पाऱ्याजवळच्या तलावाच्या दिशेने वळणावरून दिसेनाशा झाल्या. माझा नवरा त्यांच्यामागे जायला निघाला, त्याचा सदरा मी धरून ठेवला.

असं नाही की त्यानंतर सगळं शहर त्यांना मोकळं झालं. ब्राह्मणपाऱ्यातल्या देवळाला पायऱ्या आहेत, बँकेलाही आहेत. तिथे जायचं असलं की ताई आदल्या दिवशी स्वतःहून हलवायाला सांगतात, आणि तो धुतलेला सदरा घालून येतो. त्या हवेतल्या गप्पा आता तेवढ्याच. पाऱ्यातल्या लोकांना आपलं काहीतरी हरवल्यासारखं होतं, मलाही होतं. पूर्वी घरात बसून मला ताईंचा अख्खा दिवस ठाऊक असायचा. आता त्या दुपारी निघतात, आणि मी चहाचं आधण ठेवू की नको अशी घुटमळत राहते. फोन हातात घेते आणि ठेवून देते. काळजी वाटते, ती वाटणारच. गल्लीतून कोणीतरी हमखास विचारतं, ‘‘दीदी कहाँ गईं, भाभी?’’

‘‘मालूम नहीं,’’ मी सांगते, आणि दार उघडंच ठेवते.