बटणाचं चाक

कवळ्या घडवणाऱ्याचा हात बारीक कामाला सरावलेला असतो, आणि आमच्या या गृहस्थाला त्याचा जरा जास्तच गर्व होता. दिवसभर परक्यांचे दात घडवायचे आणि संध्याकाळी त्याच हातांनी जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बोटभर प्रतिकृती निगुतीनं पुसायच्या. त्यांचं काचेचं कपाट म्हणजे सोवळं. "मीसुद्धा लांबूनच दर्शन घेते," बायको पाहुण्यांना सांगायची.

एका हिरव्या, बिनटपाच्या गाडीवर मात्र त्याचा कित्येक वर्षं डोळा होता. ती होती थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडे. दाजींनी तिची पार रया घालवली होती. तारांचं एक चाक हरवलं, तर तिथं चक्क बटण चिकटवलेलं! शौकीन मंडळींत त्या बटणाची थट्टा तो तिखटमीठ लावून करायचा.

दाजी गेले. काही महिन्यांनी ताई गाडी त्यांच्या रुमालात गुंडाळून घेऊन आली. "पुढची काच निखळलीय. तेवढी बसवून दे."

तेवढ्यावर थांबला तर तो कसला? त्यानं बटण खरवडून केरात टाकलं, कवळीच्या तारेतून एकेक आरा वळवून नवं चाक घडवलं, वर ताजा हिरवा रंग दिला. मग गाडी मुद्दाम कपाटात मधोमध ठेवली. ती इथंच शोभते हे ताईनं बघावं आणि आपणहून सोडून जावी, हा त्याचा डाव.

ताई गाडी न्यायला आली आणि कपाटासमोर जाऊन वाकली.

"बटण कुठंय?"

"ते भंगार? टाकलं. हे चाक बघ, अगदी अस्सलसारखं."

"माझ्या कोटाचं होतं ते," ताई म्हणाली. "चाक शोधत आम्ही दोघं पलंगाखाली रांगत होतो. हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी मीच तोडून दिलं. आजारपणात त्यावरून बोट फिरवत पडून असायचे."

त्याचे कान तापले. उगाचच तो केराच्या डब्याकडे गेला. डबा कधीच रिकामा झाला होता. आपण त्या बटणावर किती जणांना हसवलं ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, माझं चुकलं."

"चाक छान झालंय रे. गाडी राहू दे तुझ्याकडेच."

इतकी वर्षं हेच ऐकायला तो आसुसला होता. आता मान वर करवेना.

ताईनं दाजींच्या रुमालाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि चपला घातल्या.