उजेडात धरून बघणारी शेवंतामावशी

कोणतीही वस्तू हाती आली की शेवंतामावशी आधी ती दारात नेऊन उजेडाला धरायची. मेथीची जुडी, रेशनचे तांदूळ, नवं पातळ, आणि माझी हनुवटीसुद्धा. मी रडून आले असेन तर लपवायची सोयच नव्हती. उंबऱ्याशी माझं तोंड वर करून बघायची आणि म्हणायची, "डोळं सांगत्यात. तू गप बस." मला त्याचा भयंकर राग यायचा.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आमच्या घराला लागून तिची एक खोली होती. गल्लीत सगळे जीन्सचे कारखाने. शिवून झालेल्या पँटींचे ढीग तिच्याकडे यायचे. ती लोंबणारे धागे कापायची आणि आत चिकटवलेले नंबरांचे स्टिकर काढायची. मी तिसरीत असताना आई एक दिवस बॅग भरून गेली आणि पप्पांनी मला मावशीच्या हवाली केलं. शाळा सुटली की पप्पा कंपनीतून येईपर्यंत मी त्या ढिगांत बसून स्टिकर काढायचे.

आई कुठे गेली याचा मला काही पत्ता लागेना. पप्पा म्हणाले, ऑफिसच्या ट्रेनिंगला, नागपूरला. आत्या फोनवर म्हणाली, नाशिकला. पप्पांना तसं सांगितलं तर म्हणाले, "हां, आधी नागपूर, मग नाशिक." आईचा रोज फोन यायचा. चार वाक्यं बोलायची, खोकायची, आणि म्हणायची, "इथे धूळ फार आहे गं." नागपूरला धूळ की नाशिकला, हे मी विचारणार तोवर फोन ठेवलेला असायचा. एकदा नळावर बायका बोलत होत्या, "सोडून गेली वाटतं बाई." मी जवळ गेले तशा सगळ्या आपापल्या बादल्यांकडे बघायला लागल्या. त्यानंतर नागपूर गेलं खड्ड्यात आणि नाशिकही. माझ्या डोक्यात एकच प्रश्न उरला. आई येईल का?

ज्याला विचारावं तो म्हणायचा, "येणार ना, येणार!" इतकं झटकन म्हणायचा की मला ते खरं वाटायचंच नाही. मावशीला विचारलं तर तिने कात्री खाली ठेवली.

"मला ठावं न्हाई, बाय," ती म्हणाली. "ठावं न्हाई त्याला ठावं न्हाई म्हणावं."

तरी त्याच रात्री, आई गेल्यापासून पहिल्यांदा, मला गाढ झोप लागली. असं का व्हावं हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कळलंय असंही छातीठोकपणे सांगता येणार नाही. एवढं मात्र ठरून गेलं, की खोटं न बोलणारं माणूस हे एकच.

मंगळवारी मावशी नसायची. सकाळीच जायची, उन्हं कलताना यायची. कुठे जाते ते मी कधी विचारलं नाही. तिच्या खोलीची किल्ली माझ्या दप्तरात असायची. एकटी असले की ते पँटींचे ढीग मला कंबरेच्या वर काहीच नसलेल्या माणसांसारखे वाटायचे. मी दाराला पाठ लावून बसायचे. एका मंगळवारी भीती घालवायला म्हणून कामालाच लागले. कोपऱ्यात एक बंडल होतं, त्याचे झाडून सगळे स्टिकर काढले. मावशी शाबासकी देईल असं वाटलं होतं.

ते बंडल शिवलेलं नव्हतंच. कारखान्यात जागा नव्हती म्हणून कटिंग मास्तरने कापलेले तुकडे तिच्याकडे ठेवले होते. कापड थरावर थर घालून कापतात, आणि एका ताग्यातसुद्धा निळी झाक थराथराला बदलते. कुठला पुढचा भाग कुठल्या मागच्या भागाला जोडायचा, हे त्या नंबरावरूनच कळतं. नंबर गेले, जोड्या गेल्या.

मावशी आली, बघितलं, तुकड्यांपाशी बसली. मारलं नाही. "आता ह्यांच्या जोड्या लागणारच नाहीत का?" मी विचारलं, आणि मलाच कळेना मी कशासाठी रडतेय. "आई पण येणार नाही," असं काहीतरी बरळले.

"ते ठावं न्हाई," मावशी म्हणाली. "पण हे बघू. आत समदंच निळं दिसतंय. उजेडात आण."

अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून आम्ही उंबऱ्यावर तुकड्याला तुकडा लावून बघत होतो. कारखान्याचा शेठ आला, कपाळाला हात लावून म्हणाला, "मौसी, ये क्या कर दिया?" मावशीने मान वर न करता सांगितलं, "मेरी गलती है." चार तुकडे शेवटपर्यंत जुळले नाहीत.

दिवाळीनंतर आई आली. तोंडाला रुमाल, दुसऱ्या कुणाचे वाटावेत इतके ढगळ कपडे अंगावर. मी घाबरून मावशीच्या मागे लपले. हळूहळू कळलं: आईला टीबी झाला होता, औषधांना दाद न देणारा. ती इतके दिवस मुंबईला दवाखान्यात होती. "शेवंतामावशी दर मंगळवारी डबा घेऊन यायच्या," आई म्हणाली. "तुझं सगळं सांगायच्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पप्पा खोटं बोलले, आत्या बोलली, ते एक वेळ चाललं असतं. पण मावशीला पहिल्यापासून ठाऊक होतं! मी तिच्याशी बोलणंच टाकलं. ती हनुवटीला हात लावायला आली की मान झटकायचे. वर्षभरात आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायला गेलो. निघताना तिच्या दारात सगळे जाऊन आले, मी टेम्पोत बसून राहिले. त्या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

पुढे कितीतरी वर्षांनी, मावशी वारली त्याच्या महिनाभर आधी, मी बदलापूरला तिच्या लेकीकडे गेले. मावशी अंथरुणाला खिळली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि इतक्या वर्षांचं मनातलं तोंडातून निघालंच. "तुला सगळं ठाऊक होतं, मावशी. आणि मला म्हणायचीस, ठाऊक नाही."

"आय कुठं हाय ते ठावं हुतं," ती म्हणाली. "तुज्या बापानं शपथ घातली हुती." थोडा दम खाल्ला. "पन कुठं हाय, असं तू मला कवा इचारलंस? येईल का, असं इचारायचीस. ते डाक्टरला बी ठावं नव्हतं. दर मंगळवारी मी त्याला तेच इचारून यायची."

तिने हात उचलला, पण तो माझ्यापर्यंत पोचेना. मी खिडकीचा पडदा सारला, उजेडाकडे तोंड करून वाकले, आणि हनुवटी तिच्या हातात दिली.

"डोळं सांगत्यात," मावशी म्हणाली. "तू गप बस."